‘घर’च्या सहाशे एकतीस नोंदी

११ मार्च

ठिपके,

ह्या नावानं हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. लहानपणी तू रेघ ओढायचीच नाहीस, कागदभर नुसते ठिपके देत बसायचीस, म्हणून पडलेलं नाव. पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलंय, अक्षर वळणदार काढलंय. आत मात्र जुनंच असू दे.

पत्ता तुझ्या आईनं दिला, पण सुखासुखी नाही दिला. दर रविवारी ती आतल्या खोलीत दार लोटून तुझ्याशी फोनवर बोलते आणि मी बाहेर वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसतो. ह्या रविवारी म्हटलं, माझा एक निरोप सांगशील का? तर म्हणाली, “सतरा वर्षं तुमच्या दोघांच्या मधली भिंत झालेय. आता टपालखातं व्हायला सांगू नका. हात आहेत ना? लिहा.” मग वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे पत्ता लिहून माझ्या चष्म्याखाली ठेवून गेली.

तेव्हा आधी कामाचं सांगतो.

आपलं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, रेघोटी, अजून चालू आहे. मी देखरेख सोडून आठ वर्षं झाली. आता सहा-सात तरुण माणसं ती सांभाळतात, सगळी वेगवेगळ्या देशांत. मुख्य एक मुलगी आहे. तिला मी कधी पाहिलेलं नाही, जाळ्यावर तिचं टोपणनाव चिमणी. मला ती सगळी ‘आजोबा’ म्हणतात. गेल्या आठवड्यात चिमणीनं सगळ्यांना कळवलं की ३० जूनला रेघोटीचं सगळ्या नोंदींचं कोठार नव्या जागी हलवायचं आहे. इतक्या वर्षांत नको ती अवजड चित्रं आत पडून ते फार फुगलंय. म्हणून ह्या एकाच वेळी पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास नव्यानं लिहून काढणार.

एरवी जुन्या नोंदीला हात लावायचा नाही, हा आपला नियम. का, ते तुला सांगायला नको, पण तुझ्या आईला सांगावं लागलं. म्हटलं, आमचं सगळं काम उघड्यावर असतं. चित्र काढायचं साधन बनवायचं, कुणीही यावं, फुकट न्यावं, आतून उघडून बघावं, सुधारलं तर परत आणून द्यावं. प्रत्येक बदलाची नोंद होते, कुणी केला, कधी केला, का केला. आणि प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीच्या खांद्यावर उभी. खालची एक हलवली की वरच्या सगळ्या कोसळतात.

ती म्हणाली, “म्हणजे वस्तू फुकट वाटायची आणि नावासाठी भांडायचं?”

मी म्हटलं, “फुकट वाटल्यावर मागे नावच तेवढं उरतं.”

ती भाजी निवडत राहिली. मलाही माझंच वाक्य ऐकून कसंतरी झालं.

तर ह्या वेळी सगळं कोसळवून पुन्हा रचायचंच आहे, तेव्हा ज्या नोंदींवर चुकीचं नाव असेल त्या दुरुस्त करून मिळतील. ३० जूनपर्यंत. त्यानंतर माझ्या हयातीत तरी पुन्हा नाही.

त्यात ‘घर’ आहे.

आपल्याकडे एकच संगणक होता, म्हणून एकच खातं उघडलं होतं आणि त्याला नावही तूच दिलं होतंस, घर. तू लिहायचीस, मी लिहायचो, नोंद ‘घर’ची व्हायची. त्या सहाशे एकतीस नोंदी आहेत. अठरा वर्षांपूर्वी कोठार पहिल्यांदा हललं तेव्हा कुठलं खातं म्हणजे कोण माणूस, ह्याची यादी करून द्यावी लागली होती. एका खात्यासमोर एकच नाव मावत होतं. ‘घर’समोर माझं नाव गेलं.

ती चूक झाली. मला ती दुरुस्त करायची आहे. नियम असा की काम ज्याच्या नावावर करायचं त्याची संमती हवी. तू ‘मान्य आहे’ एवढं कळवलंस तरी पुरे.

तुझे,
बाबा


२ एप्रिल

ठिपके,

पत्र पोचलं असेल. उत्तराची घाई नाही. म्हणजे आहे, पण ती माझी.

मी यादी करायला घेतलीय. रोज दुपारी जेवण झालं की गॅलरीतल्या टेबलावर बसतो. एक नोंद उघडायची, वाचायची, आणि ठरवायचं की ही माझी की तुझी. तुझ्या आईला वाटतं मी डुलक्या काढतो. खरं सांगायचं तर थोड्या काढतोही.

काही नोंदी सोप्या आहेत. कामाच्या दिवशी अकरा ते पाचमधली नोंद असली की ती तुझी, कारण तेव्हा मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे रेखाटत उभा असायचो. नोंदीखालचा मजकूर पाहूनही कळतं. तुझा मजकूर म्हणजे ‘दुरुस्त.’ मग ‘परत दुरुस्त.’ मग ‘आता तरी.’ एका सुट्टीच्या दिवशीची नोंद आहे, नुसती ‘हुश्श.’ माझी नोंद म्हणजे चार-चार ओळी. कवितेशिवाय माझं एक पान हलत नसे. शाळेत मास्तरांनी छडी घेऊन ज्या कविता घोकून घेतल्या, त्यांनीच मला आयुष्यभर सोबत केली, त्याला मी काय करू? तुला रात्री झोपवताना त्या म्हणायचो तेव्हा तू दुसऱ्याच कडव्याला माझं तोंड दाबायचीस आणि म्हणायचीस, “बाबा, आता साधं बोला.” कवितेसारखं काही लिहिलेलं दिसलं की ती नोंद मी माझ्या बाजूला टाकतो.

आणि तुझा लिंबू. जिथं तात्पुरती किंमत ठेवायची असेल तिथं तू तिला लिंबू म्हणायचीस. “खेळात आहे पण धरायचा नाही, बाबा. लिंबूटिंबू.” पंधरा वर्षांची होतीस. परवा एका ठिकाणी लिंबू दिसला आणि मी टेबलावरून उठून आत पाणी प्यायला गेलो. जगभरची माणसं ती ओळ वाचतात, एकालाही कळत नसेल की तिथं लिंबू का आहे. आजही आहे. कुणी काढलेला नाही.

काल ओल्या ब्रशाच्या नोंदींपाशी पोचलो.

तीन वर्षं मी त्याच्या मागे होतो. पडद्यावरचा रंग खऱ्या जलरंगासारखा पसरावा, एवढीच हौस. रंगात रंग मिसळून पाहिला, कडा पुसून पाहिल्या. जे दिसायचं ते डाग पडलेल्या टेबलक्लॉथसारखं दिसायचं. आणि तुझ्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एके संध्याकाळी मी कचेरीतून आलो तर गॅलरीच्या कठड्यावर अकरा बशा मांडलेल्या. प्रत्येकीत रंगीत पाण्याचा एक थेंब. तुझी आई दारात उभी, “उद्या कुणी आलं तर चहा काय ओंजळीत देऊ?” आणि तू तिच्याकडे न बघता म्हणालीस, “हात लावू नकोस, सुकतायत.”

मला तू ओढून दाखवलंस. थेंब सुकताना रंग मधून निघून कडेला जातो. मध्ये फिका, काठावर गडद. “बाबा, तुम्ही रंगाच्या मागे लागलाय. पाण्याच्या मागे लागा. रंग आपोआप येतो पाण्यामागनं.”

चार दिवसांत तू लिहून संपवलंस. सतरा वर्षांची. मी पडद्यावर पहिला फटकारा ओढला, थांबलो, आणि त्याची कड आपल्या डोळ्यांदेखत हळूहळू गडद झाली. तू खुर्चीच्या मागे उभी होतीस. तुझी हनुवटी माझ्या डोक्यावर टेकलेली होती. एवढं सगळं नोंदीत लिहिलेलं नाही. नोंदीत फक्त ‘ओला ब्रश. चालतोय.’ आणि दुपारची वेळ.

त्या सगळ्या नोंदी तुझ्या रकान्यात घातल्या आहेत. दुसरीकडे घालताच येणार नाहीत.

बाबा


२४ एप्रिल

ठिपके,

यादी पुरी झाली. तुझ्या दोनशे अठ्ठ्याऐंशी, माझ्या तीनशे त्रेचाळीस. रीतसर दुरुस्तीच्या पानावर चढवली आहे, तपासणाऱ्यांत तुझं नाव घातलंय. म्हणजे तुला तिथूनही कळलं असेल. पान सगळ्यांना उघडं आहे.

अर्जात ‘कारण’ म्हणून एक चौकट असते. त्यात मी लिहिलं, ‘खाते एकत्र असल्याने झालेली तांत्रिक चूक.’

चिमणी फार कसून तपासते. आमचं बोलणं परक्या भाषेत चालतं, मी तुला आपल्या भाषेत सांगतो.

तिनं विचारलं, “आजोबा, ह्याच खात्याबद्दल सतरा वर्षांपूर्वी एक अर्ज आलेला सापडला. अर्जदारानं लिहिलंय की ‘घर’मधल्या बऱ्याच नोंदी माझ्या आहेत, नाव दुरुस्त करावं. तो त्याच दिवशी बंद केलाय. बंद करताना एकच ओळ आहे, ‘इतिहास बदलता येत नाही.’ बंद करणारे तुम्हीच का?”

मी लिहिलं, “हो. तेव्हा तांत्रिकदृष्ट्या शक्य नव्हतं.”

ती म्हणाली, “इतिहास बदलता आला नसता हे खरं. पण श्रेयाच्या पानावर एक ओळ घालता आली असती. त्याला काय लागतं?”

मी संगणक बंद केला. आईला सांगितलं की वीज गेली. पंखा डोक्यावर फिरत होता. ती पंख्याकडे पाहून म्हणाली, “बरं.”

उत्तराची वाट पाहतो आहे. ‘मान्य आहे’ एवढंच.

बाबा


१९ मे

ठिपके,

काल रविवार. आई फोन ठेवून बाहेर आली. मी पान उलटलं. ती समोर बसली आणि म्हणाली, “उलटं धरलंय.” मग म्हणाली, “तिनं तुमची यादी पाहिली.”

“काय म्हणाली?”

“कारण वाचलं आणि मिटून ठेवली.”

“पण म्हणाली काय?”

“म्हणाली, आई, तुझ्या गुडघ्याचं कसं आहे.”

मी पान सरळ करून त्याची घडी घातली. शेवटी ती म्हणाली, “अहो, मला तुमच्या त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. पण सतरा वर्षं एक मुलगी बापाशी बोलत नाही ती तांत्रिक चुकीपायी? मला तरी सांगा काय झालं होतं. तिला विचारलं की विषय बदलते, तुम्हाला विचारलं की कविता म्हणता.”

मी तिला सांगितलं. प्रथमच. ती ऐकून उठली आणि आत गेली. रात्री वाढलं, पण समोर बसली नाही. आता तुला लिहितो. तुला माहीत आहे ते मला माहीत आहे, पण मी ते लिहिलेलं तुझ्याकडे असावं.

खात्यांची यादी करायची होती त्या संध्याकाळी तू मैत्रिणीकडे गेली होतीस. ‘घर’समोर मी आधी दोन नावं लिहिली. तुझं आणि माझं. यंत्रानं ते घेतलं नाही, एकच हवं म्हणालं. तेव्हा मी थांबायला हवं होतं. तू तासाभरात येणार होतीस. दोन खाती करता आली असती, कुणाला विचारता आलं असतं. मी तुझं नाव खोडलं. मनात म्हटलं, घरचंच तर आहे, कुणाचं का असेना. हे मी मनात इतक्या पटकन म्हटलं, ह्याचा अर्थ ते आधीपासून तयार होतं.

खरं असं की ओला ब्रश माझा असावा असं मला वाटत होतं. मी तीन वर्षं घासलेली, आणि तू अकरा बशांत संपवलंस. मला तुझा अभिमान होता. तो खोटा नव्हता. पण त्याच्याच खाली दुसरं काहीतरी होतं, त्याचं नाव मला अजून घेववत नाही.

मग पुढच्या वर्षीचा तो मेळावा. फुकट सॉफ्टवेअर बनवणारी माणसं, एक लांबट सभागृह, पडद्यावर रेघोटी. मला मंचावर बोलावलं. कुणीतरी विचारलं, “हा ओला ब्रश तुम्हाला सुचला कसा?” तू तिसऱ्या रांगेत बसली होतीस, कडेची खुर्ची. मला तू दिसत होतीस. मी ध्वनिक्षेपक हातात धरला आणि म्हणालो, “एकदा मी घरी बशीत रंगाचा थेंब टाकला...”

मी तुझी बशी चोरली, बाळ. यादीतलं नाव एकवेळ यंत्रावर ढकलता येईल. बशी कुणावर ढकलू? आणि मी नुसतं सांगितलं नाही, रंगवून सांगितलं. कठडा सांगितला, ऊन सांगितलं, तुझ्या आईचं ओंजळीचं वाक्यसुद्धा सांगितलं. लोक हसले. टाळ्या पडल्या तेव्हा तुझी खुर्ची रिकामी होती.

घरी आल्यावर तू फक्त एवढंच विचारलंस, “बाबा, बशी कुणाची होती?”

मी म्हणालो, “काय फरक पडतो? घरचीच ना?”

दुसऱ्या दिवशी तू शेजारच्या खोलीतून रीतसर अर्ज केलास. चार पावलांवर मी बसलो होतो, तरी अर्ज केलास. मला तेव्हा राग आला की ही जगासमोर मागते आहे. आज कळतं की घरात मागून झालं होतं. मी अर्ज बंद केला, आणि ती ओळ लिहिली. श्रेयाच्या पानावर एक ओळ घालायला पाच मिनिटं लागली असती. मी ती पाच मिनिटं सतरा वर्षं काढली नाहीत. तू महिनाभरात शिकायला म्हणून गेलीस.

इथं शाळेतली एखादी कविता आठवायला हवी होती. एकही आठवत नाही.

बाबा


६ जून

ठिपके,

अर्जातलं कारण बदललं.

काय लिहिलं ते तू पाहिलं असशील किंवा नसशील, म्हणून इथं उतरवतो. ‘ही तांत्रिक चूक नव्हती. ह्या नोंदी माझ्या मुलीच्या आहेत हे मला त्या दिवशीही माहीत होतं. मी जाणून तिचं नाव खोडलं. ओल्या ब्रशाची कल्पना आणि काम पूर्णपणे तिचं आहे. मी ते मेळाव्यात माझं म्हणून सांगितलं. तिनं दुरुस्ती मागितली तेव्हा मी देखरेखीला होतो आणि मीच ती नाकारली.’

सहा वाक्यं. लिहायला दोन दुपारी लागल्या. पाठवायचं बटण दाबण्याआधी आईला वाचून दाखवलं, आपल्या भाषेत. ती म्हणाली, “‘माफी’ कुठं आहे ह्यात?” मी म्हटलं, तो अर्ज आहे, त्यात कारण लिहायचं असतं. ती म्हणाली, “मग ती वेगळी मागा.” म्हणून इथं मागतो. मला क्षमा कर. संमतीचा आणि ह्याचा संबंध नाही. संमती दिली नाहीस तरी हे राहीलच.

दिवसभर पानावर कुणी काहीच लिहिलं नाही. जगभरातून चौतीस जणांनी वाचल्याचं दिसत होतं आणि एक अक्षर नाही. संध्याकाळी एका जुन्या माणसानं लिहिलं. तुला आठवेल, तो दाढीवाला, ज्यानं आपल्याला पहिल्यांदा बाहेरून मदत केली. त्यानं लिहिलं, “मला कायम वाटायचं की ‘घर’मध्ये दोन माणसं राहतात. एक फार बोलतं आणि एक कामाचं बोलतं. विचारायचं राहून गेलं.” आणि एका कुणा पोरानं लिहिलं की आजोबांचं नाव आता मुख्य पानावरून काढावं का. चिमणीनं त्याला दटावलं. मी म्हटलं, दटावू नकोस, प्रश्न बरोबर आहे. त्यावर अजून निर्णय नाही.

चिमणीनं नंतर मला एकट्याला लिहिलं, “आजोबा, यादी माझ्याकडून मंजूर. पण तिच्या होकाराशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही. नियम तुम्हीच केलेला आहे.” खरं आहे. वीस वर्षांपूर्वी मीच लिहिलेला नियम, कुणाचंही काम दुसऱ्या कुणी पाहिल्याशिवाय आत घ्यायचं नाही, आणि कुणाच्याही नावावर त्याला न विचारता काही टाकायचं नाही. चांगला नियम आहे. तो मी तुझ्याबाबतीत पाळला असता तर.

चोवीस दिवस उरले. मी काही तुला घाई करत नाही. दुपारी गॅलरीत बसतो. समोरच्या इमारतीवर रंगारी दोरावर लटकून भिंत रंगवतात, ओल्या रंगाची कड सुकताना गडद होते का ते मी इथून बघत राहतो. भिंतीच्या रंगाची होत नाही. तुला विचारायचं होतं, का होत नाही? चुना पाणी पिऊन टाकतो म्हणून का? विचारायला दुसरं कुणी नाही. म्हणजे माणसं पुष्कळ आहेत. पण त्यांना विचारून उपयोग नाही, ती उत्तर देतील.

मला उत्तर नको असतं, ठिपके. तू आधी “थांबा, बाबा” म्हणून गप्प बसायचीस ना, नखानं दातावर टकटक करत, ते हवं असतं. मी मुद्दाम सोपे प्रश्नसुद्धा अवघड करून विचारायचो, ते थोडं लांबावं म्हणून.

बाबा


२८ जून

ठिपके,

काल दुपारी मी यादी उघडली तर ती तांबडी-हिरवी झालेली. आधी वाटलं माझ्याच हातून काही बिघडलं. मग दिसलं की तपासणाऱ्यानं बदल सुचवले आहेत. तपासणारी तू.

मी आईला हाक मारली. बहुधा फार मोठ्यानं मारली, कारण ती पिठाच्या हातानं धावत आली आणि म्हणाली, “पडलात का?”

आम्ही दोघांनी मिळून वाचलं. मान्य आहे, असं तू कुठंच लिहिलेलं नाहीस. अमान्यही नाही. तू नुसती तपासत गेली आहेस, पहिल्या नोंदीपासून, एकेक. आईनं विचारलं, “ह्याचा अर्थ हो का नाही?” मी म्हटलं, “ह्याचा अर्थ ती सहाशे एकतीस नोंदी वाचत बसली होती.” आईला एवढं पुरलं. ती तिथंच खुर्चीत बसली आणि पिठाचे हात मांडीवर तसेच ठेवून पडद्याकडे बघत राहिली, जणू तिला सगळं वाचता येत होतं.

माझ्या रकान्यातल्या सात नोंदी तू तुझ्याकडे घेतल्यास. त्यातल्या सहा मला लगेच पटल्या. सातवी मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली. खोडरबराची ती नोंद, ‘खोडल्या जागी कागद थोडा जागा राहतो.’ ही ओळ मी किती जणांना म्हणून दाखवली असेल. माझ्या सगळ्या नोंदींत मला तीच आवडायची. तिच्यापुढे तू लिहिलंयस, “ही माझी. तुमच्यासारखं लिहून बघत होते. तुम्हाला ओळखू आलं नाही, तेव्हा मला फार आनंद झाला होता.”

हे सगळ्या जगासमोर लिहिलंयस. चिमणीनं त्याखाली काहीच लिहिलं नाही, पुढची नोंद घेतली. शहाणी मुलगी आहे.

ओल्या ब्रशाच्या नोंदी तू जशाच्या तशा ठेवल्यास, तुझ्याकडे. त्यावर एक शब्दही नाही. तेच योग्य आहे. त्या मी परत देत नव्हतोच, त्या कधी माझ्याकडे नव्हत्या.

आता भांडणाचं. तुझ्या रकान्यातल्या अकरा नोंदी तू माझ्याकडे परत पाठवल्यास. दहांबद्दल मी वाद घालत नाही, मला आठवत नाहीत आणि तुझी आठवण माझ्याहून चांगली आहे. पण चारशे सातवी? मोठ्या चित्रावर ब्रश अडखळायचा तो वेग वाढवलेली नोंद. तू लिहिलंयस, “बाबा, ही तुमची. नीट बघा. पाय मुरगळून घरी होतात तेव्हा केलीत.”

सतरा वर्षांनी तू मला बाबा म्हणालीस ते एका चुकीच्या नोंदीवर.

मी नीट बघितलं. पाय मुरगळला तो त्याच्या आदल्या वर्षी. ती नोंद झाली त्या मंगळवारी मी कचेरीत होतो, टाकीच्या नकाशावर शाई सांडली तो दिवस, साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं होतं, मी विसरणं शक्य नाही. शिवाय त्या नोंदीत चार ठिकाणी लिंबू आहे. मी कधी लिंबू लिहिला नाही. आई म्हणते, मुलगी देतेय तर घ्या की गुपचूप. गुपचूप घ्यायचं मी सोडलंय, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “मग भांडा.”

म्हणून पानावर लिहिलंय, ‘मान्य नाही. पुरावा जोडला आहे.’ आता तू उत्तर दिल्याशिवाय ती नोंद पुढे जाणार नाही. दोन दिवस आहेत. चिमणी म्हणते एका नोंदीसाठी कोठार थांबणार नाही. मी म्हटलं, थांबव.

आज सकाळपासून तीनदा पाहिलं. शेवटच्या वेळी तुझ्या नावापुढे ‘लिहीत आहे’ असं दिसत होतं. बराच वेळ दिसत होतं, मग गेलं. मग पुन्हा आलं.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर तीस तारीख उलटून गेली असेल. आपलं भांडण मिटलेलं असेल, नाहीतर दुसऱ्या एखाद्या नोंदीवर सरकलं असेल. मला दुसरं चालेल.

बाबा